हरण्याची शर्यत

३ फेब्रुवारी

आज स्टाफरूममध्ये करण आला. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. नागापूर एमआयडीसीत त्याचा मोटारींचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. दारातूनच त्यानं "मुळे मॅडम कोण?" असं विचारलं, तर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मोबाईल गेमची जिल्हास्तरीय स्पर्धा घेतोय म्हणाला. 'गडझुंज' नावाचा गेम, जिल्हाभरातले आठ संघ. नियम मी करून द्यायचे आणि मुख्य पंचही मीच.

"अहो, मी गेम खेळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच, मॅडम. शिवाय तुम्ही स्टॅटिस्टिक्सवाल्या. आमच्या कारखान्याची टीम उतरतेय ना त्यात. नियम मी केले तर उद्या लोक बोट दाखवतील."

हे मला आवडलं. स्वतःचा संघ आहे म्हणून आपण होऊन बाजूला होणारी माणसं हल्ली कुठं दिसतात? हो म्हटलं.

जूनमध्ये आमच्या विभागात एक जागा कायम भरायची आहे. मी इतकी वर्षं तासिका तत्त्वावर काढली, तीच जागा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इथं लिहून ठेवते, म्हणजे माझ्याही लक्षात राहील.

८ फेब्रुवारी

या आठवड्यात गडझुंज खेळून पाहिला. वर्गातल्या पोरांनी शिकवला आणि मनसोक्त हसून घेतलं. खेळ तसा सोपा आहे. चार-चार जणांचे दोन संघ, प्रत्येकाचा एक गड. समोरच्याच्या गडात शिरून निशाण पळवायचं. तीन निशाणं आधी नेईल तो जिंकला. वेळ संपली आणि निशाणं सारखीच असली तर ज्याचे सैनिक कमी मेले तो विजयी. ते गेमच ठरवतो.

आज बसून नियमांचा कच्चा आराखडा केला. दोन गट, गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, दोन्ही गटांतले पहिले दोन उपांत्य फेरीत. दोन्ही गटांचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करायचे, म्हणजे पलीकडं काय झालं ते बघून कुणी डाव आखणार नाही. उपांत्य फेरीत कोण कुणाशी, ते गट संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरेल. सामन्यात कुणाचं नेट गेलं तर सामना पुन्हा.

लिहून झाल्यावर हात दुखत होता, पण मन हलकं. गेम थिअरीचं प्रकरण मी दरवर्षी शिकवते. ते कुणाच्या उपयोगी पडेल असं आजवर वाटलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

करणला आराखडा फार आवडला. "मॅडम, असं काम पुण्यातसुद्धा होत नाही," म्हणाला. बारीकशा दोनच अडचणी होत्या. हॉलमध्ये मोठा पडदा एकच आहे. दोन सामने एकाच वेळी लावले तर लोकांनी बघायचं काय? शिवाय त्याच्या संघातली मुलं कामगार आहेत, शनिवारी त्यांची पहिली शिफ्ट असते. तेव्हा अ गट सकाळी आणि ब गट दुपारी ठेवू या. आणि चिठ्ठ्यांचं म्हणाल तर फ्लेक्स आधी छापायला टाकावे लागतात. अ गटाचा पहिला विरुद्ध ब गटाचा दुसरा, ब गटाचा पहिला विरुद्ध अ गटाचा दुसरा, असं आत्ताच ठरवून टाकलं तर बरं.

दोन्ही अडचणी खऱ्या होत्या. कामगारांची शिफ्ट काय मी बदलणार आहे? नियम माणसांसाठी असतात. बदल करून दिले.

१९ फेब्रुवारी

आज आणखी एक. नेट गेलं म्हणून सामना पुन्हा घ्यायचा तर वेळापत्रक कोलमडणार, आणि हॉलला संध्याकाळी लग्नाचं बुकिंग. (स्पर्धा सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात आहे.) मग असं ठरलं, की प्रत्येक संघानं आपापलं नेट आणायचं, कुणाचं गेलं तर पाच मिनिटं खेळ थांबवायचा. तेवढ्यात आलं तर ठीक, नाहीतर उरलेल्यांनी पुढं खेळायचं.

करणनं आपण होऊन एक कलमही सुचवलं. खेळाच्या भावनेला धरून कुणी खेळत नसेल तर मुख्य पंचानं त्या संघाला बाद करावं. "तुमच्या हातात काहीतरी अधिकार पाहिजे ना, मॅडम." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला माझ्या मानाची काळजी आहे.

जेवताना नवऱ्याला, गंधारला, सगळं सांगितलं. तो शाळेत संगीत शिकवतो, त्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "त्यानं मागितलेल्यातल्या कशाला तू नाही म्हणालीस?"

मी म्हटलं, "नाही म्हणण्यासारखं काही मागितलंच नाही त्यानं."

"बरं," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. त्याचं हे 'बरं' मला मुळीच आवडत नाही.

२८ फेब्रुवारी

कर्णधारांची बैठक झाली. गेल्या वर्षी याच गेमची एक छोटी स्पर्धा झाली होती, तिच्या निकालावरून गट पाडले. श्रीरामपूर आणि नागापूर हे दोन तगडे संघ, म्हणून श्रीरामपूर अ गटात आणि नागापूर ब गटात.

श्रीरामपूरची कर्णधार मुलगी आहे, मोनिका अमोलिक. मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. नियमांचा कागद तिनं सगळ्यांत सावकाश वाचला. मग हात वर केला.

"मॅडम, आमच्या आदिनाथच्या फोनला ह्या हॉलमध्ये एकच दांडी येती. आत्ता बघितली मी. नेट गेल्यावर पाच मिन्टात न्हाईच आलं तर?"

"तर तिघांनी खेळायचं. नियम सगळ्यांना सारखाच आहे."

"नियम सारखा हाय, मॅडम. रेंज सारखी न्हाई."

दोघेचौघे हसले. करण म्हणाला, कार्ड बदलून घ्या, त्यात काय एवढं. नागापूरचा कर्णधार श्रीमंत नावाचा आहे, कारखान्यात मशीनवर असतो. तो हसला नाही, आपला कागदाकडे बघत बसला. राहुरीचा गोरक्षनाथ, त्याला सगळे गोरख म्हणतात, त्यानं एकच विचारलं, की शनिवारी राहुरी-नागापूर सामना कितवा. "सगळ्यांत शेवटचा," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. खूश दिसला.

मुलगी हुशार आहे, पण जरा फटकळ वाटली. प्रत्येकाची रेंज बघून नियम करायचे म्हटलं तर संपायचंच नाही.

७ मार्च, शनिवार, संध्याकाळ

काय लिहू, कुठून लिहू? घसा बसलाय. ओळीनं लिहिते.

सकाळी अ गट. स्टेजवर कालच्या लग्नाची झालर तशीच होती. खेळाडूंना बसायला नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या आणि शेजारी प्लास्टिकच्या. हॉल खचाखच. श्रीरामपूरनं दोन सामने एकतर्फी जिंकले. तिसरा संगमनेरशी, त्यांनीही दोन जिंकलेले. त्यात आदिनाथचं नेट गेलं ते आलंच नाही. तिघांनी झुंज दिली, पण हरले. म्हणजे गटात संगमनेर पहिलं आणि श्रीरामपूर दुसरं. मोनिकानं हरकत घेतली नाही. उठताना माझ्याकडं एकदा बघितलं, बस्स.

दुपारी ब गट. नागापूर आणि राहुरीनं आपापले दोन्ही सामने जिंकले. आता शेवटचा सामना त्या दोघांत. दोघंही उपांत्य फेरीत आधीच पोचलेले. फ्लेक्सवर हे एवढाल्या अक्षरांत छापलेलं, की ब गटात जो पहिला येईल त्याची गाठ अ गटातल्या दुसऱ्याशी. म्हणजे जो जिंकेल त्याला उद्या श्रीरामपूर, जो हरेल त्याला संगमनेर. आणि संगमनेरला कुणी घाबरत नव्हतं.

हॉलमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे कळलं होतं. मी चहा पीत होते.

सामना सुरू झाला. नागापूरची मुलं गडाबाहेर पडली आणि रानात फिरायला लागली, वाट चुकल्यासारखी. राहुरीची आपल्या तटावर उभी. कुणी कुणावर चाल करेना. आधी मला वाटलं, दोघं सावध आहेत. मग गोरखनं आपल्या गडाचा दरवाजा उघडला आणि पोरांना बाजूला उभं केलं. निशाण समोर, अडवायला कुणी नाही. नागापूरवाले दरवाजापर्यंत गेले आणि परत फिरले.

हॉलमध्ये हशा पिकला. मग नागापूरनंही आपला दरवाजा उघडला. दोन्ही गड सताड उघडे आणि आत जायला कुणी तयार नाही. हशाच्या जागी शिट्ट्या आल्या, शिट्ट्यांच्या जागी शिव्या. "अरे खेळा की! आमी काय भजन ऐकायला आलोय का?" कुणीतरी पाण्याची बाटली फेकली.

माईक माझ्या हातात होता. "दोन्ही संघांनी खेळावं," असं मी म्हणाले. माझाच आवाज मला पोरकट वाटला.

वेळ संपत आली तेव्हा गोरखला आठवलं, निशाणं सारखी असली तर ज्याचे सैनिक जास्त मेले तो हरतो. तो ओरडला, "उड्या टाका!" आणि राहुरीचे सैनिक एकामागून एक तटावरून दरीत उड्या टाकू लागले. पडायचे, मरायचे, पुन्हा गडात जन्मायचे, पुन्हा उडी. श्रीमंतला हे कळेपर्यंत उशीर झाला. त्याच्याही पोरांनी दरीकडं धाव घेतली, पण त्यांचा गड दरीपासून लांब. हरण्याची शर्यत राहुरीनं मारली.

पडद्यावर आतषबाजी झाली आणि अक्षरं आली, 'विजयी: नागापूर'. श्रीमंतनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतरचा गोंधळ लिहीत नाही. लोक स्टेजपाशी आले होते. कुणी म्हणे दोघांना बाद करा, कुणी म्हणे राहुरीला करा, कुणी म्हणे चिठ्ठ्या टाका. माझ्या हातात ते अधिकाराचं कलम होतंच. पण बाद कुणाला करू? राहुरी उघड हरत होती, नागापूर लपून हरत होतं. ज्याला नीट लपता आलं नाही त्यालाच शिक्षा करायची? आणि दोघांना बाद केलं तर कशासाठी? पुढचा सामना जिंकता यावा असं ते खेळले. तो रस्ता त्यांना मीच करून दिला होता. उद्या सकाळी निर्णय सांगते म्हटलं आणि माईक ठेवला.

दारात मोनिका उभी होती. "मॅडम, उद्या काय बदल करनार हाय का?"

"बघू."

"करायचा असंल तर मग नेटचा पन करा. एकच बदलू नका."

घरी येऊन चहा ठेवते तोच करण आला. इतका शांत मी त्याला पाहिला नव्हता. गंधारशी दोन शब्द बोलला, मग माझ्याकडं वळला.

"मॅडम, मी चुकलो. तुमची चिठ्ठ्यांची कल्पनाच बरोबर होती. उद्या सकाळी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकू या. लोकांनाही तेच पाहिजे."

 खरंच तेच बरोबर होतं. आराखड्यात मीच लिहिलं होतं ते.

"आणि काका विचारत होते, जूनच्या मुलाखतीला मुळे मॅडमचं नाव आहे ना. म्हटलं, आहे की. मॅडम एकदम प्रॅक्टिकल आहेत."

तो गेल्यावर मी गंधारला म्हटलं, "त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला बघ." हे तोंडातून बाहेर पडलं आणि माझे कान तापले.  गंधार म्हणाला, "तो चोर नाही, सुचित्रा. त्याला दर वेळी स्वतःची सोय दिसते, आणि तुला त्याची अडचण दिसते. एवढंच."

शेवटचे सामने एकाच वेळी. चिठ्ठ्या. पुन्हा सामना. मी केलेली कुंपणं मीच एकेक करून काढून दिली, आणि दर वेळी वाटलं की आपण किती समजूतदार.

८ मार्च, सकाळ

मोबाईलवर महिला दिनाच्या शुभेच्छांचा पाऊस. एकही वाचली नाही.

नाष्टा करताना विचार पक्का झाला. चिठ्ठ्या टाकणं बरोबर होतं, पण कधी? कुणाला काय मिळणार हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा. आता प्रत्येकाला माहीत आहे की काय निघालं तर आपलं भलं होईल. काल नागापूर हरलं असतं तर चिठ्ठ्या मागायला करण आला असता का? नसता आला. मग आज त्याच्या मागण्यावरून टाकलेली चिठ्ठी माझी नाही, त्याची.

आणि मोनिका म्हणाली तेही खरं. एक बदलायचा तर दुसरा का नको? पण नेटचा नियम बदलला तर संगमनेर म्हणेल, कालचा आमचा विजय खोटा का? कुठंही हात घातला तरी कुणाचा तरी गळा सापडतो.

काही बदलायचं नाही. नियम वाईट आहेत, ते माझे आहेत, आणि आज संध्याकाळपर्यंत तेच राहतील.  गंधार म्हणाला, मी येतो हॉलवर. नको म्हटलं, तरी चपला घालून उभा आहे.

८ मार्च, संध्याकाळ

माईकवर सांगितलं, "कालच्या प्रकाराला कारण नियमांतली चूक आहे आणि नियम मी केले आहेत. कुणीही बाद नाही. चिठ्ठ्या नाहीत. जे आधी ठरलं तेच." अर्ध्या हॉलनं हुर्यो केली. करण पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं फक्त पायावर टाकलेला पाय बदलला.

श्रीरामपूर विरुद्ध नागापूर. असा सामना मी जन्मात पाहिला नाही. मला गेममधलं कळायला लागलंय म्हणूनही असेल. दोन-दोन निशाणं झाली. ज्याला तिसरं मिळेल तो अंतिम फेरीत. आणि तेव्हाच आदिनाथनं फोन वर धरला. नेट गेलं.

मी खेळ थांबवला. पाच मिनिटं. नवं कार्ड आणलं होतं त्यांनी, पण एवढ्या गर्दीत तेही बसलं. आदिनाथ खिडकीपाशी गेला, स्टेजच्या कडेला गेला, खुर्चीवर चढला. मोनिका जागची हलली नाही. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, हे जास्त लागलं.

तेवढ्यात श्रीमंत उठला. "मॅडम, ह्याला माझा हॉटस्पॉट देऊ का?"

"नियमात आपापलं नेट आहे."

"म्हाईत हाय. पन नियम मोडला तर हरकत कोनी घ्यायची?"

मी कागद उलगडला. हरकत फक्त विरुद्ध संघाच्या कर्णधारानं घ्यायची, असं होतं. प्रेक्षकांतून कुणी उठून गोंधळ घालू नये, एवढ्यासाठी मी ते घातलं होतं. "विरुद्ध कर्णधारानं," मी म्हटलं.

"म्हंजी मीच की."

 पहिल्या रांगेतून करणचा आवाज आला, "श्रीमंत, हरकत घे! ऐकू येतंय का? हरकत घे!"

श्रीमंतनं मागं वळून पाहिलंही नाही. आदिनाथच्या हातातून फोन घेतला, काहीतरी दाबलं आणि परत दिला. मी रीतीप्रमाणे विचारलं, "नागापूरच्या कर्णधारांची काही हरकत?"

"न्हाई," तो म्हणाला. मग खुर्चीत बसता बसता, "काल हरायला बसलो हुतो, मॅडम. आज जिंकायला तरी नीट बसू द्या."

सामना पुन्हा सुरू झाला. नागापूर जीव तोडून खेळलं, ते खरंच जिंकायला बसले होते. दोन्हीकडचे सैनिक एकमेकांच्या तटावर. शेवटी मोनिका एकटी मागच्या दिंडी दरवाजातून आत शिरली आणि निशाण घेऊन निघाली. श्रीमंत तिच्या मागं लागला, अगदी हातभर अंतरावर होता, पण नाही गाठू शकला. हॉल उठून उभा राहिला. ज्यांनी काल बाटल्या फेकल्या तेच लोक नागापूरच्या नावानं टाळ्या वाजवत होते. करणची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात राहुरीनं संगमनेरला हरवलं. आणि अंतिम सामन्यात राहुरीनं श्रीरामपूरलाही हरवलं. अगदी सरळ, चोख खेळून. म्हणजे हरण्यात जे पहिले आले, चषक त्यांनाच. चषक देताना मागून "उडी टाक, उडी टाक" अशी ओरड चालू होती. गोरखचं तोंड लाल झालं होतं. चषक घेताना हळूच म्हणाला, "मॅडम, आमी काय वाईट केलं? तुमच्या कागदात हरनाराला फायदा हुता. आमी कागद वाचला."

मी माईक ठेवला आणि तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. 

२ एप्रिल

बाजारात श्रीमंत भेटला. कारखान्याची टीम बंद झाली आणि त्याला कायमची रात्रपाळी लावलीय. मी "माझ्यामुळं" असं म्हणायला लागले तर म्हणाला, "तुमच्यामुळं कशाला? हॉटस्पॉट माझा हुता." मेथीच्या दोन जुड्या घेऊन गेला.

करणचा एकही फोन नाही. रागावला नसेल असं वाटतं. कामात असेल.

१६ जून

मुलाखत झाली. अध्यक्ष स्वतः होते. विषयाचे प्रश्न थोडेच. मग हसून म्हणाले, "मॅडम, ऐकलंय, तुम्ही नियमाला फार पक्क्या." मी म्हटलं, हो सर, ठरलेला नियम मध्येच बदलू नये असं मला वाटतं. ते म्हणाले, "छान, छान." सगळे प्रसन्न दिसत होते. मुलाखत बरी गेली.

गंधारला सांगितलं. "बरं," म्हणाला.

१९ जून

जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. कोल्हापूरकडचे आहेत, शिक्षण चांगलं आहे. तासिकांचं विचारलं तर प्राचार्य म्हणाले, यंदा अजून काही नक्की नाही.

मी 'छान'चा अर्थ तीन दिवस चुकीचा लावत बसले. दुपारभर रडले, मग कपडे वाळत घातले. गंधारनं शिकवणीच्या मुलांना परत पाठवलं आणि पेटी बंद करून शेजारी बसून राहिला. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? हा प्रश्न आला, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ वेळ राहिला. इथं खोटं लिहून काय करू?

२१ जून, रविवार

परवा मोनिकाचा फोन आला होता. आठही संघांनी मिळून आपली स्वतःची स्पर्धा घ्यायची ठरवलंय, श्रीरामपूरला. "मॅडम, तुमी या. नियम करायचे हायेत."

"माझे नियम बघितलेत ना तुम्ही?"

"म्हनूनच या. काय काय फाटतं ते तुमाला म्हाईत हाय."

जाऊ नये असं वाटत होतं. गंधारनं एसटीत बसवून दिलं.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठही कर्णधार गोल करून बसले होते. श्रीमंत रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे तांबारलेले; त्याची टीम आता कारखान्याची नव्हती, पोरांची स्वतःची. गोरखही होता. कुणी त्याला उडीवरून चिडवलं, तर म्हणाला, "चिडवा. पन आज असं काय तरी लिवा, की मला उडी टाकावी वाटलीच न्हाई पायजे."

मी पंच होणार नाही, हे आधीच सांगून टाकलं. जो लिहितो त्यानंच न्याय करू नये. मी फक्त ते ठरवतील ते कागदावर घ्यायचं. मग जी भांडणं सुरू झाली! नेटवरून अर्धा तास. शेवटचे सामने एकाच वेळी घ्यायला सगळे तयार, पण दुसरा पडदा आणायचा कुठून यावर पुन्हा कल्ला. संगमनेरचा मुलगा एकदा उठून बाहेर गेला आणि वडापाव खाऊन परत आला. मला वाटलं, यातून काही निष्पन्न होणार नाही. माझा आराखडा मी एकटीनं एका बैठकीत केला होता, किती नीटनेटका होता तो.

मग प्रश्न आला, गट कसे पाडायचे. आदिनाथ म्हणाला, गेल्या वेळच्या निकालावरून पाडू, पहिल्या दोन संघांना वेगवेगळ्या गटांत टाकू. सगळ्यांना पटलं. कुणी हरकत घेतली नाही. वेळही बराच झाला होता. मी लिहायला पेन टेकवलं.

"थांबा, मॅडम," मोनिका म्हणाली. "लिवू नका. पहिल्या दोनात आमी हाय. ह्यात आमचाच फायदा हाय."

आदिनाथनं तिच्याकडं वैतागून पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि कुणाकडंच बघत नव्हती.

मी पेन उचललं. सगळे पुन्हा पहिल्यापासून भांडायला लागले.